ड्रम कुठला, ते विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'केमिकलमुक्त घर' असं एक पान आलं होतं, दहा 'घातक केमिकल्स'ची यादी, लाल रंगात, कवटीचं चित्र वगैरे. त्यात सहाव्या नंबरला प्रॉपिलीन ग्लायकॉल होतं आणि खाली एकच ओळ, की हेच केमिकल कारखान्यात आणि गाडीच्या कूलंटमध्ये वापरतात. आता झालं असं की त्या पानाचा फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, सूनबाईंनी वाचला, नातवाच्या तापाच्या औषधाची बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचलं, तिथे प्रॉपिलीन ग्लायकॉल सापडलं, आणि बाटली गेली सिंकमध्ये. रात्री साडेदहाला पोरगं १०२ तापाने फणफणतंय आणि मी स्लिपर घालून स्टेशनजवळच्या मेडिकलवर. त्याने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली. घरी येऊन बघतो तर त्यातही प्रॉपिलीन ग्लायकॉल. ते असण्याचीच शक्यता जास्त होती, कारण पॅरासिटामॉल पाण्यात नीट विरघळत नाही, त्याला धरून ठेवायला काहीतरी लागतं. सूनबाईंना म्हटलं, दे आता, माझ्या जबाबदारीवर.

तिच्यावर माझा राग नाही हो. आई आहे, आणि तिची भीती कुठून आलीय तेही मला पक्कं माहीत आहे. राग तुमच्या पानावर आहे, कारण भीती बरोबर होती आणि बोट चुकीच्या जागी दाखवलं. मी चौतीस वर्षं औषध कंपन्यांच्या क्यूसीत, म्हणजे माल तपासणाऱ्या खात्यात, काढली, अंबरनाथ, बदलापूर आणि शेवटची काही वर्षं तारापूर एमआयडीसी. त्यामुळे हे पत्र जरा लांबलं तर सांभाळून घ्या, कापायचं असेल तर मधलं कापा पण ड्रमचं राहू द्या.

पहिली गोष्ट, 'हेच कारखान्यात वापरतात' हे वाक्य. हे वाक्य जवळजवळ प्रत्येक औषधाबद्दल लिहिता येईल. नवसागर घ्या. आमच्या लहानपणी कल्हईवाला यायचा, भाता मारून भांडं लाल होईपर्यंत तापवायचा, कथिल फिरवायचा आणि चिमूटभर नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने खसाखसा घासायचा, पांढरा धूर निघायचा आणि आम्ही पोरं नाक मुठीत धरून तिथेच उभी. तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. टॉर्चच्या जुन्या सेलमध्येही तोच. हातभट्टीवर धाड पडली की तुमच्याच पेपरात बातमी असते, काळा गूळ आणि नवसागर जप्त. आणि खोकल्याच्या कित्येक सिरपांच्या मागे बघा, अमोनियम क्लोराइड लिहिलेलं असतं, कफ पातळ व्हावा म्हणून घालतात. आता यातला कुठला नवसागर 'खरा'? सगळेच खरे.

टाकणखाराचं तसंच. सोनार डाग द्यायला वापरतो, काचवाले काचेत घालतात, आयुर्वेदात टंकण म्हणून आहे, आणि आमची आजी तोंड आलं की त्याची लाही करून मधात कालवून लावायची (आता लहान मुलांना लावू नका म्हणतात, आणि बरोबर आहे, बोरॉन पोरांच्या अंगात मुरतो). त्याचा भाऊ बोरिक ॲसिड. ते कॅरमच्या बोर्डावर भुरभुरवतात, आणि एकेकाळी त्याच्याच पाण्याने डोळे धुवायचे. झिंक ऑक्साइड सगळ्यात जास्त खपतं ते टायर आणि रबराच्या कारखान्यात, आणि घामोळ्यांना लावायचं गुलाबी कॅलामाइन लोशन, तेही मुख्यतः झिंक ऑक्साइडच. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, त्याची पूर्वी शाई करायचे. पोलादाचा गंज काढायला सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवतात तेव्हा ते आपोआप तयार होतं, सांडपाणी साफ करायला वापरतात, आणि रक्त वाढवायच्या लोहाच्या गोळीतही फेरस सल्फेट असतं. शाळेत पोरींना आठवड्याला निळी गोळी देतात ना, ती लोहाचीच.

आता त्याहून भारी सांगतो. नायट्रोग्लिसरीन. १८४७ साली सोब्रेरो नावाच्या इटालियन केमिस्टने तुरीनमध्ये ते बनवलं, चाखून बघितलं (तेव्हा केमिस्ट लोक सगळं चाखायचे, आता विचारू नका) तर डोकं भयंकर ठणकायला लागलं. पुढे नोबेलने १८६७ मध्ये त्याचाच डायनामाइट केला. आणि डायनामाइटच्या कारखान्यातल्या कामगारांना रविवारची सुट्टी संपवून सोमवारी कामावर आलं की डोकेदुखी व्हायची, कारण सुट्टीत अंगाची सवय मोडायची. रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून ती डोकेदुखी, आणि नेमक्या त्याच कारणाने छातीतल्या कळेवर ते औषध ठरलं. म्हातारपणी नोबेलला हृदयाचा त्रास झाला तर डॉक्टरांनी हेच लिहून दिलं, आणि लोक घाबरू नयेत म्हणून त्याचं नाव बदलून ट्रायनायट्रिन ठेवलेलं. नोबेलने पत्रात लिहिलंय, की काय नशिबाची थट्टा आहे बघा. आपल्याकडे आजोबांच्या शर्टाच्या खिशात जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट असते ना, ती याच घराण्यातली, चुलत बहीण म्हणा. ते नेमकं काम कसं करतं हे कळायला विसावं शतक सरत आलं, आणि त्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं! म्हणजे ज्याच्या नावाचं बक्षीस त्याच्याच औषधाला.

वॉर्फरिन तर सरळ उंदराचं औषध. अमेरिकेत आणि कॅनडात बुरशी लागलेला चारा खाऊन गुरं आतून रक्त वाहून मरायची, त्या चाऱ्यातून विस्कॉन्सिनमधल्या कार्ल लिंकच्या प्रयोगशाळेने मूळ पदार्थ शोधला, त्यावरून वॉर्फरिन बनलं, १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरला हार्ट अटॅकनंतर तेच दिलं. हृदयाची झडप बदललेले कित्येक पेशंट रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आजही ते घेतात आणि ठरावीक दिवसांनी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) तपासून डोस कमी-जास्त करतात. तुमच्या यादीच्या हिशोबाने या लोकांना घरातून बाहेरच काढायला लागेल.

बरं मग सगळं ठीकच आहे का, काहीही खा-प्या? अजिबात नाही. इथेच खरी गोम आहे आणि तुमच्या पानावर नेमकी तीच नव्हती.

आमच्या धंद्यात केमिकलला नाव एक आणि आडनावं अनेक. प्रॉपिलीन ग्लायकॉल आयपी, प्रॉपिलीन ग्लायकॉल टेक्निकल, कुणी कमर्शियल म्हणतं, कुणी नुसतं इंडस्ट्रियल. आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपिया, सरकारचं जाडजूड पुस्तक, त्यात प्रत्येक पदार्थाने काय काय परीक्षा पास व्हायच्या ते लिहिलेलं असतं. हिराकस सांडपाण्यात टाकायचा असेल तर त्यात शिसं किती, आर्सेनिक किती याची कुणाला फिकीर नसते, पण त्याचीच गोळी करायची तर तो आकडा बघायलाच लागतो. गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून काही गुऱ्हाळांवर हायड्रॉस पावडर मारतात, ती कापड रंगवायच्या खात्यातली पावडर, आणि ज्या गोणीतून ती येते त्या गोणीवर 'खाण्यासाठी' असं कुठे लिहिलेलं नसतं. त्याच्यावर ओरडा, मी तुमच्या बाजूने आहे. पण ओरडताना नाव आणि आडनाव दोन्ही घ्या.

ग्लायकॉलचं तर असं आहे की हे सगळे दिसायला सख्खे भाऊ. इथिलीन ग्लायकॉल, डायइथिलीन ग्लायकॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, चारही पाण्यासारखे स्वच्छ, चिकटसर, आणि चारही गोड. बाटल्यांवरची लेबलं काढली तर मी चौतीस वर्षांच्या अनुभवानेसुद्धा डोळ्यांनी सांगू शकणार नाही (ग्लिसरीन जरा जास्त दाट, तेवढंच). इथिलीन ग्लायकॉल जातं पॉलिस्टरला, म्हणजे आपली साडी आणि पाण्याची बाटली. ते बनवताना सोबत डायइथिलीन ग्लायकॉल निघतं, त्याला आम्ही डीईजी म्हणतो, ते ब्रेक ऑइल, रेझिन, शाई असल्या कामांना. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन मात्र शुद्ध असेल तर पोटात गेलेलं चालतं, केकमध्येही असतं. डीईजी पोटात गेलं की लिव्हर त्याचं ॲसिड करतं आणि ते ॲसिड किडन्या खलास करतं. आधी उलट्या, पोटदुखी, मग एक-दोन दिवसांत लघवी बंद. फार्माकोपियात डीईजी आणि इथिलीन ग्लायकॉलची मर्यादा ०.१ टक्के आहे.

आणि हे नीट छापा प्लीज, प्रॉपिलीन ग्लायकॉल बनतं प्रॉपिलीन ऑक्साइडपासून, त्या प्रोसेसमध्ये डीईजी आपोआप तयार होत नाही. ग्लिसरीन निघतं तेला-चरबीतून, साबणवाल्यांकडून, तिथेही नाही. म्हणजे सिरपमध्ये डीईजी टक्क्यांनी सापडलं तर एक तर कुणीतरी मिसळलंय, नाहीतर ड्रम बदललाय, लेबल बदललंय किंवा टँकर-ड्रम न धुता भरलाय. याचा अर्थ 'केमिकलचा दुष्परिणाम' वगैरे काही नसतो. माणसाने केलेलं असतं.

माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं सांगतो. साल १९९४-९५ असेल. कंपनीचं नाव घेत नाही, आता ती बंदही आहे. छोटं युनिट, टॉनिक आणि सिरपं बनवायचो, बरंचसं दुसऱ्यांच्या नावाने. माल मुंबईहून यायचा, वडगादीच्या व्यापाऱ्याकडून, आणि तो व्यापारी कुणा रिपॅकरकडून, म्हणजे दुसऱ्याचा माल नव्या ड्रममध्ये भरून विकणाऱ्याकडून, घ्यायचा, आणि तो रिपॅकर कुठून घ्यायचा ते देव जाणे. आल्या आल्या ड्रमवर पिवळं लेबल लागतं, 'अंडर टेस्ट'. पास झाला तर हिरवं, नाही तर लाल. त्या दिवशी ग्लिसरीनचे चार ड्रम आले, २५० किलोचे. सॅम्पल काढायला माझ्याबरोबर एक हेल्पर होता, फारसा शिकलेला नव्हता पण त्याची नजर भलती तयार. तीन ड्रम झाले, चौथ्याचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "साहेब, हा काठापर्यंत आलाय."

मी म्हटलं आलाय तर आलाय, जास्त दिलं असेल. तो म्हणाला काट्यावर तर चौघांचं वजन सारखंच भरलंय. आणि मग माझी ट्यूब पेटली. वजन तेच आणि जागा जास्त, म्हणजे आतला माल हलका. ग्लिसरीन पाण्यापेक्षा सव्वापट जड असतं, लिटरला १.२६ किलो. काठापर्यंत आलंय म्हणजे ते पूर्ण ग्लिसरीन नाही.

लॅबमध्ये आलो, रिफ्रॅक्टोमीटरच्या (द्रवातून उजेड किती वाकतो ते मोजायच्या यंत्राच्या) काचेवर एक थेंब ठेवला, डोळा लावला. त्यात अर्धं काळं अर्धं उजेडाचं असं वर्तुळ दिसतं आणि मधली रेघ फुलीवर आणायची असते, मग बाजूला आकडा वाचायचा. ग्लिसरीनला १.४७ च्या पुढे यायला पाहिजे. आला १.४६. काच पुसली, परत केलं, परत १.४६. तुम्हाला वाटेल एवढ्याशा फरकाने काय होतंय, पण आमच्याकडे तो फरक म्हणजे गाढव आणि घोडा. पहिला संशय पाण्याचा, पाणी मारून वजन वाढवणं हा जुनाच धंदा, म्हणून कार्ल फिशर नावाच्या यंत्रावर पाणी तपासलं, तर एक टक्कासुद्धा नाही. मग माझे हातपाय गार पडले खरं सांगतो. आमच्या साहेबांनी जे. जे. हॉस्पिटलच्या प्रकरणानंतर (ते पुढे सांगतो) डीईजीची एक छोटी बाटली आणून कपाटात ठेवली होती, स्टँडर्ड म्हणून. टीएलसीची प्लेट केली (मिसळलेले पदार्थ वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणारी चाचणी), एका बाजूला शुद्ध ग्लिसरीनचा ठिपका, एका बाजूला डीईजीचा, मध्ये आमच्या ड्रमचा. प्लेट वर चढली, वाळवली, रंग आणला. मधल्या रांगेत दोन ठिपके. खालचा ग्लिसरीनच्या शेजारी आणि वरचा बरोब्बर डीईजीच्या रेषेत.

ड्रमकडे परत गेलो आणि लेबल नखाने उचकलं तर खाली दुसऱ्या लेबलाची कड. सीओए, म्हणजे तपासणीचं सर्टिफिकेट, ते मात्र चारही ड्रमला एकच आणि फर्स्टक्लास, ९९ टक्क्यांच्या वर शुद्ध.

शेठना सांगितलं तर ते म्हणाले, "अहो, तीन ड्रम चांगले आहेत ना, चौथा थोडा थोडा करून मिसळून टाका, कुणाला कळणार आहे?" ते दुष्ट होते असं मी म्हणणार नाही, डीईजी म्हणजे काय हे त्यांना खरंच माहीत नव्हतं, त्यांच्या लेखी तो 'थोडा कमी क्वालिटीचा माल' होता. साहेबांनी सही करायला नकार दिला, बराच तमाशा झाला, शेवटी लाल लेबल लागलं. आणि व्यापाऱ्याचा टेम्पो आला आणि ड्रम घेऊन गेला. बदली ड्रम दिला, पैसे सेटल झाले.

ही जेजेची गोष्ट आता बऱ्याच तरुण वाचकांना माहीत नसेल. १९८६ चे जानेवारी-फेब्रुवारी, मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल. पेशंटना ग्लिसरीन द्यायचे, डोक्यातला किंवा डोळ्यातला दाब कमी करायला, आणि एकेकाच्या किडन्या बंद पडत गेल्या. चौदा जण गेले. ग्लिसरीनमध्ये डीईजी होतं, औषधाच्या नावाखाली कारखान्याच्या दर्जाचा माल आलेला. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला आणि त्यांनी हॉस्पिटलच्या खरेदीपासून एफडीएपर्यंत, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यापर्यंत, सगळ्यांची सालटी काढली. मी तेव्हा नुकताच बीएस्सी करून नोकरीला लागलो होतो, लोकलमध्ये लोक पेपर वाचून 'ग्लिसरीन विषारी असतं' म्हणायचे, माझी आई तर गुलाबपाणी-ग्लिसरीनची बाटलीसुद्धा टाकून द्यायला निघाली होती. चाळीस वर्षांनी सूनबाई तेच करतेय. म्हणजे बातमी देणाऱ्यांचं आणि वाचणाऱ्यांचं गणित अजून तिथेच अडकलंय.

आणि जेजे पहिलंही नव्हतं. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड नावाचं, तेव्हाचं नवं जंतूवरचं औषध, ते पोरांना प्यायला सोपं पडावं म्हणून एका कंपनीने डीईजीमध्ये विरघळवलं, रास्पबेरीचा वास घातला, चव बघितली, रंग बघितला आणि बाजारात सोडलं. विषारी आहे का हे बघितलंच नाही, कायद्याने तेव्हा बघायला लागतही नव्हतं. शंभरावर माणसं गेली, त्यात पोरं खूप, आणि त्यानंतर १९३८ चा त्यांचा औषध कायदा आला. पनामात २००६ मध्ये खोकल्याच्या औषधात जे 'ग्लिसरीन' गेलं ते चीनमधून निघालं, बार्सिलोनाच्या व्यापाऱ्याकडून पनामाला पोचलं, ४६ ड्रम, आणि सर्टिफिकेटवर ९९.५ टक्के शुद्ध. वाटेत एकानेही उघडून तपासलं नाही, सगळ्यांनी कागद पुढे सरकवला. हे वाचलं तेव्हा मला आमचा चौथा ड्रमच आठवला, तिकडे फक्त जहाज होतं आणि इकडे टेम्पो.

नंतर आपलंच नाव खराब झालं. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात सत्तरच्या आसपास पोरं गेली, सिरपं भारतातून गेलेली. मग सरकारने १ जून २०२३ पासून नियम केला, की खोकल्याचं सिरप परदेशी पाठवायच्या आधी सरकारी किंवा मान्य लॅबमध्ये तपासायचं. चांगलं केलं. पण तेव्हा मी आमच्या मित्रमंडळीत म्हटलं होतं, परदेशातल्या पोरांसाठी वेगळी चाळणी आणि आपल्या पोरांसाठी काय? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात उत्तर मिळालं. वीसहून जास्त पोरं, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. सर्दी-खोकल्याचं सिरप, तामिळनाडूत बनलेलं, आणि तिथल्या सरकारी लॅबने तपासलं तर डीईजी ४८.६ टक्के. मर्यादा ०.१ आणि निघालं ४८.६! म्हणजे चुकून थेंब पडला वगैरे प्रकारच नाही, अर्धी बाटली. बिलाशिवाय, फार्मा ग्रेड नसलेलं प्रॉपिलीन ग्लायकॉल घेतल्याचंही बातम्यांत आलं.

त्यातली बरीच पोरं आपल्या नागपूरला आणली होती, छिंदवाड्याच्या लोकांना मोठं हॉस्पिटल म्हणजे नागपूरच. आईबाप सांगत होते की पोराला दोन दिवस लघवीच झाली नाही. मी ती बातमी वाचली आणि पेपर घडी करून ठेवला, पुढे वाचवेना. रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब आणि दोन मिनिटं, टीएलसीची एक प्लेट, एवढ्यावर ते थांबलं असतं. कच्च्या मालाच्या प्रत्येक लॉटची टेस्ट करणं हा काही नवा नियमही नाही, कधीपासूनचा कायदा आहे.

म्हणून संपादक साहेब, 'घातक केमिकल' हा शब्द मला झोंबतो. तो शब्द वापरला की सगळं केमिकलच्या माथी मारून मोकळं होता येतं. केमिकल कोर्टात येत नाही, त्याला नोटीस लागत नाही. कुणी विकलं, कुणी लेबल लावलं, कुणी सही केली हे विचारायचं राहूनच जातं. तुमच्या बातमीदारांना खालचे प्रश्न विचारायला सांगा, नंबर घालून देत नाही पण सांगतो. बातमीत केमिकलचं पूर्ण नाव द्या, प्रॉपिलीन आणि डायइथिलीनमध्ये फरक मीठ आणि कॉस्टिक सोड्याइतका आहे, 'ग्लायकॉलसदृश रसायन' असलं काही छापू नका. मग विचारा की माल आयपी ग्रेड होता की टेक्निकल, आणि मूळ उत्पादक कोण, मध्ये किती रिपॅकर. सीओए कुणाचं, उत्पादकाचं की व्यापाऱ्याने टाइप केलेलं. कंपनीने आपल्या लॅबमध्ये स्वतः टेस्ट केली का, तिची नोंद दाखवा म्हणा, क्रोमॅटोग्रामचा, म्हणजे तपासणीच्या मशीनने काढलेल्या आलेखाचा, कागद दाखवा म्हणा. सही करणारा केमिस्ट कोण आणि त्याला पगार किती, हेही विचारा, कारण छोट्या युनिटमध्ये एकच पोरगा सॅम्पल काढतो, टेस्ट करतो, डिस्पॅचला मोजणीही करतो, आणि शेठला नाही म्हणायची त्याची टाप नसते. आम्हाला साहेब चांगले मिळाले म्हणून निभावलं.

शेड्यूल एम, म्हणजे कारखाना कसा चालवायचा याचे नियम, नवे आले, छोट्या कंपन्यांना २०२५ च्या अखेरपर्यंत मुदतवाढ मिळाली होती. आता मुदत संपली. तर आपल्या महाराष्ट्रातल्या किती सिरप बनवणाऱ्या युनिट्समध्ये गॅस क्रोमॅटोग्राफ (डीईजी पकडणारं मशीन) आहे आणि किती ठिकाणी तो नुसता झाकून ठेवलाय, ही माहिती एफडीएकडून मागवा, माहितीचा अधिकार आहेच की. असं एक पान रविवारी आलं तर मी स्वतः सोसायटीच्या ग्रुपवर टाकीन, कवटीचं चित्र तुम्ही आवडीने काढा.

सूनबाईंसाठी आणि तिच्यासारख्या आयांसाठी एवढंच, की चार वर्षांखालच्या पोराला सर्दी-खोकल्याचं सिरप मनाने आणून देऊ नका, बऱ्याचदा गरजच नसते. तापाचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने द्या, चमच्याने नको, सोबतच्या टोपणाने किंवा सिरिंजने. बाटलीवर बॅच नंबर आणि कंपनीचा पत्ता आहे का बघा, बिल घ्या, आणि औषध सुरू असताना पोराची लघवी कमी झाली तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा आणि बाटली सोबत न्या, सिंकमध्ये ओतू नका. ती बाटली हाच पुरावा असतो.

आता तो ड्रम. पत्र त्याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं, बाकी सगळं ओघात आलं. लाल लेबल लावून आम्ही तो परत दिला, आणि त्या दिवशी सगळे खूश होतो, साहेबांनी लॅबला समोसे मागवले होते. आम्ही एफडीएला कळवलं नाही. शेठ नाराज, व्यापारी नेहमीचा, आणि आपल्याकडचं तर टळलं ना, मग कशाला. साहेब आता नाहीत. तो टेम्पो गेटमधून बाहेर पडून कल्याणच्या रस्त्याला लागला हे मी गॅलरीतून बघितलंय, आणि जाताना हेल्परने मला विचारलं होतं, "साहेब, आता हा कुणाला देतील?" मी त्याला म्हटलं, तू सॅम्पलच्या बाटल्या धू.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
बदलापूर (पूर्व)